थोडं डावीकडे

हेडलीची वही ओल्या हवेनं फुगली आहे.
तीत मुक्कामांची नावं, पुढे आकडे:
पूल एकोणीस, अँटेना आडवी, बाहत्तर चॅनेल.
लॉकच्या खालच्या अंगाला, उभी, चौतीस.
विलोंच्या मागे, कशीही धरा, शून्य.
जन्मभर लोकांच्या तळघरांत उतरून
गॅसचे मीटर वाचलेला माणूस;
आकडा लिहिल्याशिवाय
दिवस मावळला असं त्याला वाटत नाही.

नाव सत्तावन्न फूट लांब.
रुंदी, दोन हात पसरले की संपते.
संध्याकाळी मॉर्विद इंजिन बंद करते,
काठावर खुंट्या ठोकते, किटली चढवते,
आणि तो लॅपटॉप उघडून
बाजूच्या खाचेत ट्यूनर खोचतो:
अंगठ्याएवढा, दहा मिनिटांत चटका देणारा.
वायर खिडकीच्या फटीतून वर,
छपरावर बोटभर अँटेना, तिच्या बुडाशी लोहचुंबक.
पोलादावर टक्‌ करून बसते,
आणि तो दर वेळी म्हणतो, "बसली."

मग शोध. निळी पट्टी सरकते,
तिच्यापेक्षा गोगलगाय परवडली.
चार टक्के. अकरा.
चहा होतो, पिऊनही होतो.

आज दुपारी त्यांनी सरहद्द ओलांडली,
नदीच्या डोक्यावरून, पाण्यावरून पाणी नेणाऱ्या पुलानं.
मधोमध कुठे तरी इंग्लंड संपलं,
नावेला पत्ताही नाही.
मग बोगदा, थेंब थेंब गळणारा.
मग झाडी.

सहासष्ट टक्क्यांवर पहिलं नाव उमटलं.
पडद्यावर एक बाई, मागे नकाशा, नकाशावर ढग.
चेहऱ्याच्या चौकटी झालेल्या,
ओठ आधी, शब्द मागाहून.
हेडली म्हणाला, "हे आपलं नव्हे, पुढचं लाव."
मॉर्विद म्हणाली, "राहू दे."

नकाशावरची बाई काही तरी बोलली
आणि मॉर्विदनं तिला उत्तर दिलं.
हेडलीनं वहीतून मान वर केली.
एकतीस वर्षांत या तोंडातून
असा आवाज त्यानं ऐकला नव्हता,
घशाच्या तळाशी वाळू घासावी तसा.
"काय म्हणालीस?"
"ती म्हणते उद्या उघडीप. मी म्हटलं, थापा."

तेवढ्यात चित्र गोठलं.
बाईचा हात उत्तरेवरच अडकला.
सिग्नल एकोणीस टक्के.

हेडली काही बोलला नाही. रेनकोटही घेतला नाही.
छपरावर चढला, चुंबक उपटलं,
आणि भुरभुर पावसात अँटेना धरून उभा राहिला,
चौसष्ट वर्षांचा, नुसत्या मोज्यांवर.
तळपायांखालून तिचा आवाज:
"आला. गेला. वर धर. अजून वर."
मग तिचं ध्यान पडद्यात गेलं असावं,
कारण ती ओरडली, "ख्वीथ! ख्वीथ!"

त्याला शब्द कळला नाही.
तो डावीकडे सरकला.
खाली बाईचा हात सुटला, ढग चालू लागले.

नंतर, मोजे स्टोव्हवर वाळत असताना,
त्यानं विचारलं, कसं लिहायचं ते.
तिनं वहीत लिहून दिलं.
म्हणाली, "डावं.
आणि कुणी नाहीसं झालं की मागच्याला जे होतं,
त्यालाही हेच.
आई गेली तेव्हा लोक म्हणायचे,
तुला फार डावं वाटत असेल."
"तू काय म्हणायचीस?"
"मी वूल्वरहॅम्प्टनला होते. फोनवर. इंग्लिशमध्ये."

मराठीत हे लिहिताना मी इथे अडखळतो.
आपल्याकडे डावलणं आहे, डावं-उजवं करणं आहे,
डाव्या हाताचा मळ आहे;
पण गेलेल्या माणसाला
आपण कुठली बाजू दिलेली नाही.

हेडलीनं तिच्या शब्दाखाली
नेहमीसारखी नोंद केली:
बोगद्याच्या पुढे, झाडीत.
अँटेना हातात.
चॅनेल, एक.